न वितळणाऱ्या फेसाची गोष्ट

रद्दी वजनावर जाते, पत्रा वजनावर जातो, प्लास्टिकची फुटकी बादलीसुद्धा वजनावर जाते. फोमची जुनी गादी मात्र तराजूत टाकली तर भरणार किती आणि तिचे येणार किती? भंगारवाला तिच्याकडे बघतो, हाताने दाबून पाहतो आणि पुढे निघतो. घेतलीच तर उपकार केल्यासारखी घेतो. मग रात्री कुणीतरी ती गादी कोपऱ्यावरच्या कचराकुंडीला टेकवून ठेवतो. सकाळी तिच्यावर कुत्री झोपलेली असतात. पावसात ती पाणी पिऊन इतकी जड होते की दोघांना उचलत नाही.

या गादीतला फोम म्हणजे पॉलियुरेथेन. नाव अवघड आहे, पण वस्तू रोज आपल्या अंगाखाली आहे. सोफ्याची बैठक, मोटारीची सीट, बुटाचा तळवा, फ्रिजच्या दोन भिंतींमधला कडक पिवळसर थर, ही सगळी त्याचीच रूपे. तो बनवण्याची विद्या माणसाला मिळाली त्याला आता पंचाऐंशीहून अधिक वर्षे झाली. तो मोडण्याची विद्याही, बघा, काल-परवाची नाही, पन्नासेक वर्षांची आहे. तरीही गादी कचराकुंडीशी का पडते, ते आज सांगायचे आहे.

सुरुवात जर्मनीतली. लेव्हरकुसेन या गावी आय. जी. फारबेन या बड्या रसायन उद्योगाच्या प्रयोगशाळेत ऑटो बायर नावाचे शास्त्रज्ञ काम करत. बायर कंपनीच्या संस्थापकांशी त्यांचे नाते नव्हते, नुसते आडनाव सारखे. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ साली नायलॉन तयार झाले होते आणि त्याभोवती पेटंटांचे कुंपण पडले होते. त्या कुंपणाबाहेरून वाट काढायची, हा जर्मनांचा हिशेब. बायर यांनी हाताशी धरली ती आयसोसायनेट नावाची रसायने. तीही नवी नव्हती. फ्रान्सच्या वुर्त्झ यांनी १८४९ मध्येच ती तयार केली होती. बायर यांनी दोन हात असलेले आयसोसायनेट घेतले आणि तसेच अनेक हात असलेले, अल्कोहोलच्या कुळातले दुसरे रसायन घेतले. याला पॉलिओल म्हणतात. दोघांची गाठ घालून दिली. हाताला हात लागत गेला आणि साखळी वाढत गेली. १९३७ मध्ये पेटंट झाले.

पुढची गंमत पाण्याने केली. मिश्रणात ओलावा शिरला की आयसोसायनेटशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायॉक्साइड सुटतो. पावाच्या पिठाला फुगवतो तोच हा वायू. बायर यांच्या माणसांना सुरुवातीला हे बुडबुडे म्हणजे नासलेला माल वाटला. या मालाचा उपयोग फार तर नकली स्विस चीज करायला होईल, असा शेरा तेव्हा कुणीतरी मारला होता म्हणतात. त्या चीजलाही अशीच भोके असतात! पण भोके हाच मालाचा गुण ठरला. गादीतल्या फोममध्ये आकारमानाने पंचाण्णव टक्क्यांहून जास्त नुसती हवा असते. उरलेल्या मूठभर पदार्थाची जाळी माणसाचे वजन पेलते.

महायुद्धात या रसायनाचे लेप आणि कडक फोम वापरले गेले. युद्ध संपल्यावर ते घराघरात शिरायला दहा वर्षे लागली. १९५४ मध्ये बायर आणि मोन्सॅन्टो या कंपन्यांनी मिळून अमेरिकेत मोबे नावाची कंपनी काढली. त्या दशकाच्या अखेरीस खनिज तेलापासून बनणारे स्वस्त पॉलिओल बाजारात आले आणि मग फोमला कुणी अडवू शकले नाही. आपल्याकडे अजून कित्येकजण कुठल्याही फोमच्या गादीला ‘डनलप’ म्हणतात. खरी डनलपची गादी रबराच्या चिकाची, म्हणजे लॅटेक्सची. तो शोध १९२९ चा, इंग्लंडमधला. नाव त्याचे राहिले, गादी दुसऱ्याची आली.

ही गादी आली तेव्हा आपल्याकडे कोणती गादी होती, ते आठवून पाहा. कापसाची. दर दोन-चार वर्षांनी पिंजारी दारात यायचा. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात त्याला नदाफ म्हणतात. खांद्यावर लांबलचक धनुकली, तिच्या तातेचा आवाज ऐकूनच गल्लीला कळायचे. खोळ उसवायची, दबून ढेकळे झालेला कापूस बाहेर काढून पिंजायचा, थोडा नवा मिसळायचा, खोळ धुऊन वाळली की पुन्हा भरायची आणि दाभणाने टाके घालायचे. माझ्या नात्यात या धंद्यातली माणसे होती. छातीत गेलेल्या तंतूंनी त्यातले काहीजण खोकत खोकत म्हातारे झाले. तेव्हा या कामाचे गोडवे गाणारा मी नव्हे. पण त्या गादीत एक गुण होता. ती उसवता यायची. कापूस पुन्हा कापूसच व्हायचा.

फोमचे तसे नाही. प्लास्टिकच्या दोन जाती आहेत. एक मेणासारखी. तापवले की वितळते, गार झाले की घट्ट होते, पुन्हा तापवा, पुन्हा वितळेल. बादल्या, पिशव्या, बाटल्या या जातीच्या. धारावीत निवडून, धुऊन, तुकडे करून, वितळवून त्यांचे नवे दाणे पाडतात, तो सगळा व्यवहार या एका गुणावर चालतो. दुसरी जात उकडलेल्या अंड्यासारखी. अंडे एकदा उकडले की कितीही तापवा, पुन्हा पातळ होत नाही, करपते. गादीतला आणि फ्रिजमधला फोम या जातीचा. त्याच्या साखळ्या एकमेकींत आडव्या-तिडव्या गुंतलेल्या असतात. म्हणून तो वितळवून त्याचा दाणा पाडता येत नाही. भंगारवाल्याला हे रसायनशास्त्र कुणी शिकवलेले नाही, पण त्याला ते पक्के माहीत आहे.

मग करायचे काय? सगळ्यात जुना आणि आजही सगळ्यात जास्त चालणारा मार्ग अगदी साधा आहे. फोमचे बारीक तुकडे करायचे, त्यांच्यावर आयसोसायनेटचाच चिकट लेप शिंपडायचा, साच्यात दाबायचे, वाफ सोडायची. तुकडे एकमेकांना चिकटून लादी तयार होते. तिला रिबॉन्डेड फोम म्हणतात. निळे, गुलाबी, पिवळे, पांढरे ठिपके दिसतात ना, तीच. अमेरिकेत ती गालिच्याखाली अंथरतात. आपल्याकडे तीच घट्ट लादी ‘पाठीला चांगली’ म्हणून गादीत घालतात आणि ऑर्थोपेडिक असे भारदस्त नाव देऊन विकतात. पाठीचे डॉक्टर काय म्हणतात ते त्यांना विचारा. तुकड्यांची विल्हेवाट लागते, एवढे खरे.

मात्र या लादीला आवडता कच्चा माल म्हणजे कारखान्यातल्या कापणीच्या कडा. त्या स्वच्छ असतात, कशापासून झाल्या ते माहीत असते. माणसाने दहा वर्षे वापरलेली, घामाची, ढेकणांची, ओली झालेली गादी आली की प्रश्न सुरू होतात. कापड सोडवा, स्प्रिंगा सोडवा, वाळवा, मग तुकडे करा. शिवाय लादी झाली म्हणजे फोम संपला असे नाही. त्याचा कचरा होणे आठ-दहा वर्षे पुढे गेले. मी या मार्गाला नावे ठेवत नाही. उधारीची मुदत वाढवून मिळाली तरी दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांना बरे वाटतेच.

दुसरा मार्ग साखळीच उसवण्याचा. इथे इतिहास मला मोठा चमत्कारिक वाटतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्स आणि फोर्ड या मोटार कंपन्यांच्या प्रयोगशाळांत यावर मन लावून काम झाले. मोटारीच्या सीटमध्ये फोम भरपूर, त्यामुळे गरज त्यांना. एका पद्धतीत अतितप्त वाफ वापरून फोम फोडतात. पॉलिओल सुटा होतो आणि आयसोसायनेटच्या जागी अमाइन नावाची रसायने मिळतात. याला जलविच्छेदन म्हणा. दुसऱ्या पद्धतीत फोमचे तुकडे ग्लायकॉल या द्रवात दोनशे अंशांच्या आसपास तापवतात. काही तासांत तुकडे विरघळून दाट द्रव उरतो, त्यापासून पुन्हा फोम करता येतो. म्हणजे पिंजाऱ्याचे काम रसायनाने केले!

जलविच्छेदन वाटते तितके अनोळखी नाही. कपाटात चार वर्षे जपून ठेवलेले बूट लग्नाला म्हणून घातले आणि मांडवात तळव्याचा भुगा झाला, हा अनुभव पुष्कळांचा असेल. बुटाचा तळवा बहुधा पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला दमटपणा त्याचे बंध हळूहळू तोडत राहतो. कारखान्यात वाफ काही मिनिटांत करते त्याच जातीचे काम कोकणातला पावसाळा दोन-चार वर्षांत करतो. गादीतला फोम बहुतेक पॉलिइथर जातीचा. तो पाण्याला असा सहज वश होत नाही.

विद्या होती, मग ती प्रयोगशाळेतच का राहिली? उत्तर रुक्ष आहे. जुना फोम गोळा करायचा, वाहून आणायचा (आणि वाहतूक म्हणजे ट्रक भरून हवा वाहणे), निवडायचा, तापवायचा आणि शेवटी मिळायचे ते मिश्र प्रतीचे पॉलिओल. त्यापेक्षा तेल शुद्धीकरणातून येणारा नवा माल स्वस्त पडायचा. अमाइन रसायने विषारी, ती वेगळी काढण्याचा खर्च निराळा. आणि गादी फेकायला मात्र काहीच पडत नव्हते. खड्ड्यात टाकली की झाले. फुकट खड्ड्याशी स्पर्धा कोण करणार?

जाळून टाका, असे कुणी म्हणेल. फोम पेटतो तो भराभर आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला हायड्रोजन सायनाइड असते. ८ मे १९७९ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानात आग लागली. फर्निचरच्या विभागात फोमचे सोफे रचलेले होते. दहा माणसे गेली. त्या आगीनंतरच्या दबावातून १९८८ मध्ये ब्रिटनने फर्निचरच्या आगीबाबत कडक नियम केले. नियम पाळायचा सोपा उपाय म्हणजे फोममध्ये आग रोखणारी रसायने मिसळणे. उत्पादकांनी ती मिसळली. त्यातली काही ब्रोमीनयुक्त रसायने शरीरात साठत जातात, निसर्गात मोडत नाहीत, हे पुढे ध्यानात आले आणि २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने ती वर्ज्य यादीत घातली. आता ब्रिटनमध्ये २०२३ पासून असा जुना सोफा ना खड्ड्यात टाकता येतो, ना त्याचा फोम पुन्हा वापरता येतो. तो वेगळा काढून विशेष भट्टीत जाळावा लागतो. ज्याला जळू नये म्हणून औषध पाजले, त्याला जाळणे हाच एक मार्ग उरला. कवीला असली विसंगती सुचली असती तर त्याने ती अतिशयोक्ती म्हणून खोडली असती.

फ्रिजची कथा याहून गंभीर. फ्रिजच्या भिंतीतला कडक फोम थंडी धरून ठेवतो, कारण त्याच्या बंद कप्प्यांत उष्णता न जाऊ देणारा वायू कोंडलेला असतो. कित्येक वर्षे तो वायू सीएफसी-११ होता. हाच ओझोनच्या थराला भोक पाडणारा वायू. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० पर्यंत जगभर सीएफसी बनवणे बंद व्हायचे ठरले. त्याच्या जागी आलेला एचसीएफसी-१४१बी हा वायूही भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केला. पण बनवणे बंद झाले म्हणजे वायू नाहीसा होत नाही. तो जुन्या फ्रिजांत आणि शीतगृहांच्या भिंतींत बसून आहे. फ्रिजवर हातोडा पडला, फोमचा चुरा झाला की तो मोकळा होतो. म्हणून जर्मनीसारख्या देशांत जुने फ्रिज बंदिस्त यंत्रात फोडतात, सुटलेला वायू पकडतात आणि नष्ट करतात. आपल्याकडे फ्रिज ई-कचऱ्याच्या नियमात येतो. प्रत्यक्षात मात्र गल्लीबोळातल्या भंगाराच्या दुकानांत त्यातले तांबे आणि कॉम्प्रेसर निघतो. फोमची कुणाला आठवण नसते.

या वायूची चोरी कशी पकडली गेली, तेही ऐकण्यासारखे आहे. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हवेतले सीएफसी-११ ठरल्या वेगाने कमी होत नाही, कुणीतरी ते नव्याने सोडत आहे. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर गोसान आणि जपानमध्ये हातेरुमा इथे हवा मोजणारी केंद्रे आहेत. वारा कुठून आला की आकडा चढतो, हे ताडून पाहत २०१९ मध्ये माग लागला पूर्व चीनच्या शांडोंग आणि हबेई प्रांतांपर्यंत. फोम फुगवायला स्वस्त पडतो म्हणून बंदी असलेला वायू वापरला जात असावा, असा निष्कर्ष निघाला. बोभाटा झाल्यावर आकडा उतरला. २०२१ मध्ये तेही मोजून जाहीर झाले.

आयसोसायनेट म्हटले की आपल्या लोकांना २ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवते. भोपाळला सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, याच कुळातला, पण कीटकनाशकासाठी लागणारा. फोमसाठी वापरतात ती रसायने वेगळी. ती बनवायला मात्र फॉस्जीन लागतो, आणि हा पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडलेला वायू. तयार गादीत यातले काही मोकळे उरत नाही, तेव्हा घाबरायचे कारण नाही. एक किलो फोम जुन्यातून परत मिळाला तर तेवढाच हा पसारा कमी करावा लागेल, हे मात्र लक्षात घ्यायला हवे.

अधूनमधून वर्तमानपत्रात बातमी येते की प्लास्टिक खाणारी बुरशी सापडली. बातमी खोटी नसते. येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी इक्वेडोरच्या जंगलातून आणलेल्या पेस्टालोटिओप्सिस बुरशीने पॉलियुरेथेनवर गुजराण करून दाखवली, तीही हवेवाचून. हे संशोधन २०११ चे. २०१७ मध्ये इस्लामाबादच्या कचरा डेपोतून अशीच एक ॲस्परजिलस जातीची बुरशी मिळाली. २०२० मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी प्लास्टिकच्या कचऱ्याखालच्या मातीतून एक जीवाणू शोधला. पण हे प्रयोग मुख्यतः पातळ लेपाच्या पॉलिएस्टर पॉलियुरेथेनवर किंवा आधीच सुट्या केलेल्या तुकड्यांवर झाले. गुंतलेल्या पॉलिइथरची जाडजूड गादी या जीवांपुढे ठेवणे म्हणजे मुंगीपुढे नारळ ठेवण्यासारखे. नारळ आधी कुणीतरी फोडायला हवा.

तो फोडण्याची खटपट अलीकडे पुन्हा सुरू झाली आहे. फ्रान्समध्ये ऑर्लेआँजवळ सेमुआ इथे २०२१ मध्ये जुन्या गाद्यांचा फोम रसायनाने विरघळवून पॉलिओल काढणारा कारखाना उभा राहिला. वर्षाला दोन लाख गाद्यांपर्यंत झेपेल अशी त्याची क्षमता सांगितली जाते. त्याच वर्षी लेव्हरकुसेनला, जिथे हा फेस पहिल्यांदा उसळला त्याच गावी, बायरच्या घरातून फुटून निघालेल्या कोव्हेस्ट्रो कंपनीने पॉलिओल आणि आयसोसायनेटची मूळ कडी असे दोन्ही परत मिळवण्याचे प्रायोगिक यंत्र बसवले. जिथे बांधले तिथेच सोडवायला घेतले, याचे मला बरे वाटले.

रसायन जवळपास तेच असताना आता हे का जमू लागले? कारण मधल्या काळात कुणीतरी पैसे कोण देणार हे ठरवले. फ्रान्समध्ये फर्निचर बनवणाऱ्यांवर त्याच्या शेवटाची जबाबदारी २०१३ पासून आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने त्याच वर्षी गाद्यांचा कायदा केला आणि २०१५ पासून प्रत्येक नव्या गादीच्या बिलात जुनी गादी सोडवण्याचा खर्च घातला. सुरुवातीला नऊ डॉलर. कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंडनेही तेच केले. फुकट खड्ड्याशी असलेली स्पर्धा अशी संपवावी लागते.

आपल्याकडे २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत न वितळणाऱ्या प्लास्टिकचा उल्लेख आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शनानुसार त्याची विल्हेवाट लावावी असे तो म्हणतो, आणि मंडळाचा त्याच वर्षीचा कौल आहे सिमेंटच्या भट्टीकडे. तिथे १४५० अंशांच्या आसपास उष्णता असते, फोम पूर्ण जळतो, तेवढा कोळसा वाचतो. उकिरड्यावर धुमसत ठेवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. पण भट्टी गावाबाहेर, कोसांवर, आणि गादी कचराकुंडीशी. मधला रस्ता कुणी चालायचा, त्याचे भाडे कुणी द्यायचे, हे बिलावर कुठे छापलेले नसते. दुकानात आपण गादी घेतो तेव्हा विक्रेता दहा वर्षांची हमी लिहून देतो. अकराव्या वर्षी ती घेऊन जायला कोण येईल, हे त्या कागदावर विचारायला जागाच सोडलेली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)